पाव तास शांतता

सुरतेत काय मिळत नाही? कडोदऱ्याच्या घाऊक बाजाराच्या भावात साडी मिळते, रांगेत उभं राहिलं तर रॉकेल मिळतं, ओळख काढली तर गॅसचा नंबरसुद्धा लवकर लागतो. पण उधन्याच्या त्या गल्लीत पाव तास शांतता मागून बघा. हिलाल सरांनी मागितली. तेव्हापासून त्यांचा जो पारा चढला तो अजून उतरलेला नाही, आणि माझं विचाराल तर उतरूही नये.

हिलाल सर म्हणजे हिलाल सोनवणे, गल्लीतल्या मराठी शाळेचे चौथीचे मास्तर. शाळेसमोर, रस्ता ओलांडला की ठाकोरभाईंचं लूमखातं, यंत्रमागांचा कारखाना. खात्यात रविवार सोडला तर सकाळपाळी, रातपाळी मिळून माग अखंड चालतात. खटाखट, खटाखट. त्या आवाजात सर व्याकरण शिकवत, पाढे म्हणून घेत, रागावत. रागावणं त्यातल्या त्यात चांगलं ऐकू जाई, म्हणून ते जरा जास्तच रागावत. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा शिक्षक असा होता, पण घसा ट्रक ड्रायव्हरचा झाला होता.

अशा शाळेत सत्याण्णव साली संगणक आला. आला म्हणजे परीक्षेपुरता आला. शहरातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात डॉक्टर वशीबेन नावाच्या बाई संशोधन करत होत्या. संगणकानं मुलांशी बोलायचं, मुलांनी संगणकाशी बोलायचं, आणि त्यातून वाचन सुधारायचं, असा विषय. गुजराती शाळांत प्रयोग झाले होते. मराठीसाठी शाळा हवी होती. पंधरवड्यानंतर अहमदाबादहून समिती येणार, मुलं संगणकाशी बोलून दाखवणार. जमलं तर संगणक शाळेतच कायमचा राहणार, नाही जमलं तर दुसऱ्या शाळेत जाणार.

हे ऐकल्याबरोबर हिलाल सरांनी गल्लीभर सांगून टाकलं की संगणक आपला झाला. चौथीच्या वर्गात यंदा मुलं कमी होती. खानदेशातून आलेले पालक एकेक करून पोरं गुजराती शाळेत नेऊन घालत होते, आणि कारण विचारलं की म्हणत, ‘तठे कॉम्प्युटर शे, सर.’ आता आठेही कॉम्प्युटर शे, हे उत्तर सरांना त्यांच्या तोंडावर मारायचं होतं. कुणी काहीही म्हणो, मास्तराच्या आयुष्यात असे प्रसंग फार येत नाहीत.

संगणक टेबलावर बसला. त्याला झालर लावलेलं प्लॅस्टिकचं कव्हर सरांच्या पत्नीनं, रंजनावहिनींनी, शिवून दिलं. वशीबेननी माइक जोडला. पडद्यावर वाक्य उमटे, मग आतून एक बाई बोले. आवाज बडोद्याच्या कुणा मराठी बाईंचा होता, धुतलेला, इस्त्री केलेला. ‘बाळांनो, आता तुम्ही म्हणा.’ मूल बरोबर म्हणालं की ‘शाबास! छान म्हटलंत.’ चुकलं की ‘पुन्हा म्हणा.’ फार जोरात म्हटलं की ‘हळू बोला.’

पहिली बसली ज्योती. समोरच्या खात्यात माग चालवणाऱ्या सुकलालची मुलगी, वर्गातली सगळ्यांत चांगलं वाचणारी. तिनं आपल्या रोजच्या आवाजात वाक्य म्हटलं.

‘हळू बोला,’ बाई म्हणाली.

ज्योती हळू बोलली. माग जोरात बोलले. ‘पुन्हा म्हणा.’ ज्योती जोरात बोलली. ‘हळू बोला.’ ज्योती रडकुंडीला आली. सरांनी तिला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. बी.एड.ला वक्तृत्वात बक्षीस मिळवलेला माणूस. त्यांनी घसा साफ केला, ‘आमचे गाव सुंदर आहे’ असं सावकाश, स्पष्ट, भावपूर्ण म्हटलं.

‘हळू बोला.’

वर्ग हसला. सरांनी वर्गाकडे पाहिलं, वर्ग थांबला. मग सर रागानं खुर्चीतून उठले, माइकसमोर कुणीच नव्हतं, खिडकीतून नुसते माग ऐकू येत होते, आणि बाई गोड आवाजात म्हणाली, ‘शाबास! छान म्हटलंत.’

ठाकोरभाईंचे माग पहिला धडा उत्तीर्ण झाले. मधल्या सुट्टीपर्यंत त्यांनी दुसराही केला.

वशीबेननी मान हलवली. ‘सर, मशीन नवं आहे. त्याला अजून माणूस कोण आणि आवाज कोण हे कळत नाही. समितीच्या दिवशी पाव तास तरी शांतता पाहिजे. नुसता पाव तास. एवढं तुम्ही करा.’

‘एवढंच ना?’ सर म्हणाले. माणूस आपलं वाटोळं असं दोन शब्दांत करून घेतो.

संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर सरांनी विषय काढला. चाळीचा गुण असा, की पैसे मागितले तर दारं लागतात, सल्ला मागितला तर दारं उघडतात. कुणी म्हणालं, संगणकाला कापूस घाला. कुणी म्हणालं, कॉम्प्युटर उचला आणि सचिन गावाला माझ्या मेव्हण्याच्या खोलीवर न्या, तिथं शेजारी नुसता केमिकलचा कारखाना आहे, वास येतो पण आवाज नाही. शेवटी समोरच्या खोलीतल्या सुभद्राबाई बोलल्या. वयानं मोठ्या, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान.

‘गोधड्या टांगा, सर. रातपाळीना माणूस आम्ही दिनमा कसा झोपाडतस? खिडकीले गोधडी, दारले गोधडी. आवाज आत येतच नई.’

हे शास्त्रीय वाटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या घराघरांतून गोधड्या शाळेत आल्या. जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या चिंध्यांच्या, पोरांच्या मुताचे नकाशे असलेल्या. टांगायला खिळे लागणार. खिळे मारायला मुख्याध्यापिका मालतीबाईंची परवानगी लागणार. मालतीबाई म्हणाल्या, ‘भिंत माझी नाही, बांधकाम खात्याची आहे.’ सर बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, खिळा कशासाठी? गोधडीसाठी. गोधडी कशासाठी? संगणकासाठी. मग ही बाब शिक्षणाची झाली, तिकडे जा. शिक्षणाच्या कचेरीत सांगितलं, संगणक कॉलेजचा आहे, आमच्या दप्तरी त्याची नोंदच नाही. जी वस्तू नाही तिच्यासाठी खिळ्याची मंजुरी कशी द्यायची? सर म्हणाले, ‘अहो, खिळा तर आहे!’ तो साहेब म्हणाला, ‘म्हणजे मारून झाला का?’ आणि सरांना खुलासा लिहून द्यावा लागला की आपण अद्याप खिळा मारलेला नाही.

सर संतापून परत आले आणि खिडकीच्या गजांपासून दाराच्या कडीपर्यंत सुंभ बांधून त्यावर गोधड्या टाकल्या. एप्रिल महिना. दारं बंद, खिडक्या बंद, पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखाही बंद. आत चौथीचा वर्ग वाफाळत बसला. मागांचा आवाज थोडा कमी झाला, मुलांचा बराच कमी झाला, कारण दोघांना भोवळ आली. तेवढ्यात सफाई निरीक्षक आले. प्लेग होऊन गेल्यापासून हे लोक कुठेही, केव्हाही येत. त्यांनी गोधडी बाजूला सारून आत डोकावलं, घामानं निथळणारी, निपचित पडलेली मुलं पाहिली, आणि नाकाला रुमाल लावून चार पावलं मागे सरले.

‘मास्तर, किती दिवसांपासून आहे हे?’

‘साहेब, वाचनाचा तास आहे!’ सर ओरडले.

निरीक्षकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी शाळेभोवती पांढरी पावडर मारून घेतली आणि गोधड्या उन्हात टाकायला लावल्या. गल्लीत बातमी गेली की शाळेत साथ आली. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आली नाहीत. सर घरोघर फिरले. प्रत्येक दारात तेच सांगून सांगून त्यांचा घसा बसला, आणि प्रत्येक दारात त्यांना लिंबू-मीठ चाटवण्यात आलं.

‘सोडा ना तो डबा,’ रंजनावहिनी म्हणाल्या. ‘एवढे दिवस शिकवत होतात ते काय डब्यावर?’

‘डबा नाही तो! संगणक आहे! तुम्हा लोकांना काही पुढारलेलं नकोच आहे!’ सर बसलेल्या घशानं जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. वहिनींनी ताट वाढलं आणि पापड जरा जोरात मोडला. सरांच्या घरात त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

आता एकच उपाय उरला. समितीनं मंगळवार ठरवला होता. रविवारी मागांना आणि शाळेला सुट्टी असते, त्या दिवशी या, अशी विनंती केली तर उत्तर आलं की त्या दिवशी साहेबांना उपवास असतो. म्हणजे भर पाळीत माग बंद करायचे. सर ठाकोरभाईंकडे गेले.

ठाकोरभाई पेढीवर पान लावत होते. ‘शुं, मास्तर? लूम बंद? चालू पाळीत? माझा बाप वारला तेव्हापण मी बंद नाही केलं.’

सरांनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. ठाकोरभाईंनी पानाला चुना लावला. सरांनी देशाची प्रगती सांगितली. ठाकोरभाईंनी सुपारी कातरली. मग सर म्हणाले, ‘व्यासपीठावर साहेबांच्या शेजारी आपली खुर्ची राहील.’

‘हार?’

‘हार आणि श्रीफळ.’

‘पाव तास,’ ठाकोरभाई म्हणाले. ‘मंगळवारी बरोबर अकराला मेन स्विच पाडतो. कामगारांना सांगून ठेवतो.’

आणि इथं हिलाल सरांनी ती चूक केली. फार विचार करून केली. ते म्हणाले, ‘नका सांगू, ठाकोरभाई. कुणालाच नका सांगू. लोकांना कळलं की काम नाही आणि शाळेत कार्यक्रम आहे, की सगळी गल्ली येऊन बसेल. गर्दी म्हणजे आवाज. मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.’

ठाकोरभाईंना ते पटलं. आपल्या हाराला गर्दी नको असं कुणाला वाटत नाही, पण फुकट बसलेला कामगार कुणालाच बघवत नाही.

मंगळवार उजाडला. समितीचे मोठे साहेब आले, बरोबर दोन छोटे साहेब आले. वशीबेन सकाळपासून तारा तपासत होत्या. ज्योतीच्या वेण्यांना नव्या रिबिनी होत्या. ठाकोरभाई पांढऱ्या सफारीत, गळ्यात हार घालून खुर्चीत बसले, आणि अकरा वाजता त्यांनी खिडकीतून समोरच्या खात्यातल्या मुनीमजींना रुमाल दाखवला.

माग थांबले.

एकदम नाही. आधी एका कोपऱ्यातले मंदावले, मग दुसऱ्या, मग शेवटचा एक अडखळत गप्प झाला. हिलाल सरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या वर्गातलं घड्याळ ऐकलं. भिंतीवरची पाल चुकचुकली तीही ऐकू आली. त्यांना वाटलं, झालं. जिंकलं. ते माइकशी गेले, ज्योतीला खुर्चीत बसवलं आणि कुजबुजले, ‘म्हण.’ आपलं कुजबुजणं आपल्यालाच ऐकू आलं म्हणून ते दचकले.

 ज्योतीनं वाक्याकडे पाहिलंच नाही. ती खिडकीकडे बघत होती. सगळा वर्ग खिडकीकडे बघत होता.

‘म्हण ना, बाळ!’

‘सर,’ ज्योती म्हणाली, ‘माग बंद पडना. मना दादा तठे शे.’ दादा म्हणजे तिचा बाप, सुकलाल.

आणि मग पावलं ऐकू आली. आधी थोडी, मग पुष्कळ. उधन्यात रविवार सोडून माग केव्हा थांबतात? दंगल झाली तेव्हा थांबले. प्लेगात थांबले. आणि भर पाळीत अचानक थांबतात ते माणूस पट्ट्यात सापडल्यावर. झोपलेल्या पोराला गोंगाटानं जाग येत नाही आणि गप्प झालं की येते, अशी ती गल्ली. हे हिलाल सरांना ठाऊक होतं. याच गल्लीत त्यांचं घर होतं. पण पंधरवडाभर ते नुसती शांतता शोधत होते, आणि शांतता म्हणजे इथं काय, हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

दार ढकललं गेलं. बाया आत घुसल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या डोक्यावरून पदर सुटलेला. ‘काय व्हयनं?’ ‘दंगा शे का?’ ‘पोरेस्ले बाहेर काढा!’ अंथरुणातून उठून रातपाळीवाले आले, बनियनवर. जो तो आपलं मूल उचलू लागला. रंजनावहिनी अनवाणी धावत आल्या, सरांना धडधाकट बघून दारातच मटकन खाली बसल्या. छोटे साहेब टेबलामागे गेले. खात्यातून सुकलाल आणि आणखी काही कारीगर पळत आले; त्यांना वाटलं होतं शाळेत काही झालं म्हणून माग थांबवले. ज्योती खुर्चीवरून उडी मारून बापाला चिकटली आणि त्याचे हात चाचपू लागली, एक, मग दुसरा.

‘शांत राहा!’ सर किंचाळले. ‘काही झालेलं नाही! मीच थांबवायला सांगितले! शांततेसाठी! पाव तास तुम्हाला गप्प बसवत नाही? सगळ्याचा सत्यानाश केलात!’

गल्ली खरंच गप्प झाली. अशी गप्प, की गोधड्यांनी काय ती झाली असती. गर्दीतून सुभद्राबाई पुढे आल्या. त्या धावत आल्या होत्या, या वयात, आणि दम लागून त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी टेबलाचा आधार घेतला. माइक त्यांच्या तोंडासमोर होता.

‘मना घरधनी पट्टामा सापडना,’ त्या म्हणाल्या, ‘तवय बी असंच चूप व्हयनं व्हतं, सर. मी भाकरी टाकी राहिंतू. आमले सांगानं नई का?’

एवढंच बोलल्या. 

आणि त्या शांततेत संगणकातली बाई म्हणाली, ‘शाबास! छान म्हटलंत.’

वशीबेननी तोंडावर हात ठेवला.  सुभद्राबाईंना ती बाई कोण, कुठून बोलली, काही कळलं नाही. त्या इकडेतिकडे बघत राहिल्या. सरांना लाज वाटली. साधी नाही, कानशिलं तापवणारी लाज वाटली.

मोठे साहेब मात्र खूश होऊन उठले. ‘बघा! आवाज स्पष्ट आला की कसा प्रतिसाद देतं! वशीबेन, शांतता आहे तोवर उरलेली वाक्यं उरकून घ्या. या बाईंनाच बसवा. वेळ का घालवता?’

पंधरवडाभर सरांचा राग कुठे कुठे फिरला होता. कारकुनावर, निरीक्षकावर, बायकोच्या पापडावर, आत्ता गल्लीवर. तो आता घरी आला, त्यांच्या स्वतःवर.

‘ठाकोरभाई,’ सर म्हणाले, ‘माग चालू करा.’

‘पण पाव तास...’

‘चालू करा म्हणतो ना!’

हार घातलेले ठाकोरभाई खिडकीकडे गेले आणि पुन्हा रुमाल हलवला. मुनीमजी हुशार माणूस, त्यांनी स्विच वर केला आणि मागं उरलेल्या कारीगरांना मागांवर धाडलं. एका कोपऱ्यातला माग खडखडला, मग दुसरा, मग सगळं खातं बोलू लागलं, आणि गल्लीनं श्वास सोडला. बायांनी पदर सावरले. रंजनावहिनींनी सुभद्राबाईंचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. सुकलालनं ज्योतीला खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवर थाप दिली.

‘मिस्टर सोनवणे,’ मोठे साहेब मागांच्या आवाजावर आवाज काढत ओरडले, ‘अशा वातावरणात भाषेचं तंत्रज्ञान चालत नाही!’

‘भाषा चालते!’ सर ओरडले. ‘ज्योती, म्हण!’

ज्योती माइकसमोर उभी राहिली. बाप शेजारी होता, माग चालू होते, तिच्या जगात सगळं जागच्या जागी होतं. तिनं पडद्यावरचं वाक्य वाचलं, खालचं वाचलं, त्याखालचंही वाचलं, एकही अक्षर न चुकता, पार मागच्या दारात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचेल असं.

‘हळू बोला,’ बाई म्हणाली.

बी.एड., वक्तृत्वाचं बक्षीस, वर्गात अहिराणी बोलू नये हा त्यांचा स्वतःचाच नियम, सगळं एका झटक्यात गेलं. हिलाल सर संगणकाच्या तोंडाशी वाकले, टेबलावर मूठ आपटली आणि गरजले, ‘हळू काय बोल म्हनस? तू जोरमा ऐक!’

गल्लीनं टाळ्या पिटल्या. संगणकानं पुन्हा म्हणायला सांगितलं.

दुपारी टेम्पो आला. संगणक तापीपलीकडच्या एका शांत वस्तीतल्या शाळेत गेला. वशीबेन टेम्पोत बसण्याआधी सरांपाशी आल्या. म्हणाल्या, ‘सर, तुमचं बरोबर आहे. मला मागांच्या आवाजातच काम करायला पाहिजे होतं. पण त्याला अजून खूप वर्षं लागतील.’ सर म्हणाले, ‘लागू द्या. आमची मुलं तोपर्यंत बोलत राहतील.’ मग टेम्पो वळला तेव्हा सरांनी तोंड फिरवलं, कारण ते झालरीचं कव्हर संगणकाबरोबर गेलं होतं आणि घरी काय सांगायचं हे त्यांना सुचत नव्हतं. चौथीतला आणखी कुणी गुजराती शाळेत जाणार का, हेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. टेबल रिकामं होतं. सरांनी मोजलं नाही, नुसतं पाहिलं. बाकं भरलेली दिसली. त्यामुळे त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण ते भयंकर चिडलेले होते. घसा दुखत होता. खिडक्या उघड्या, पंखा चालू, माग चालू. त्यांनी शुद्धलेखनाचं पहिलं वाक्य सांगितलं आणि सवयीनं विचारलं, ‘मागच्या बाकावर ऐकू येतंय का?’

‘हो सर!’ मागचं बाक ओरडलं.

रस्त्यापलीकडे खात्याच्या खिडकीत मागावर उभ्या असलेल्या सुकलालनं हात वर केला. त्यालाही येत होतं.

‘तुम्ही तुमच्या मागाचा धोटा सांभाळा!’ सर खिडकीतून त्याच्यावर खेकसले, आणि फळ्याकडे वळून त्यांनी पुढचं वाक्य आणखी मोठ्यानं सांगितलं.